मीठ धरत नाही

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. पहाटे पाच.
मुलुंड कॉलनीच्या मागे, शेवटच्या दिव्याखाली
कॅसिल्डा बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारते, म्हणते,
ही हवा नाही गं, न पिळलेलं फडकं आहे.
घड्याळात तापमान अठ्ठावीस, आर्द्रता एक्क्याण्णव.
तळपदे सरांच्या कागदावर: बत्तीस किलोमीटर, सावकाश,
बोलता येईल इतक्याच वेगानं.

चौथ्या किलोमीटरला आम्ही बोलणं सोडलं.

पुढे असेल तिनं जाळी तोडायची, असा आमचा नियम.
करवीपासून ऐनापर्यंत ताणलेली
तळहाताएवढ्या कोळ्यांची जाळी.
नऊपर्यंत कॅसिल्डा, पुढे मी.
ओठांवर धागा, पापणीवर धागा,
पुसायला हात उचलावा तर हातच ओला.
घाम येतो म्हणतात ते चूक. घाम जात नाही.
कोपरावरून ठिबकतो, पोटऱ्यांवरून उतरतो, बुटात साचतो,
आणि कोरड्याठाक वाटेवर मी
चपक् चपक् करत चढते
चिखलातून आल्यासारखी.

बाबा म्हणतात, अशा हवेत मीठ धरत नाही.
भांडुपच्या आगरात चाळीस वर्षं.
खाडीचं पाणी कोंडीत घ्यायचं
आणि वाट बघायची.
ऊन कितीही असो, हवेनं पाणी उचलायला हवं.
हवाच पिऊन तर्र असेल
तर ती आणखी काय पिणार?

तळपदे सरही हेच सांगतात, आलेख काढून.
त्यांची पावती मिळते.

एकविसाव्याला डाव्या पोटरीत गोळा.
दगडावर बसले, दगडही घामेजलेला.
कॅसिल्डानं पट्ट्यातून मिठाची गोळी काढून दिली,
एक गोळी बारा रुपये.
डोक्यावरून वाहिलेल्या एका पाटीला
बाबांना इतके कधी मिळाले का,
जिभेखाली ती विरघळेपर्यंत हिशेब करत राहिले.

मग धार. एका अंगाला तुळशीचं पाणी, झाडीत अर्धं लपलेलं.
दुसऱ्या अंगाला टॉवर, हायवे, परत टॉवर,
आणि त्यांच्या पलीकडे, खाडीला टेकून,
चौकोन. राखाडी, काही हिरवट,
बांध फुटलेले.
वारा नव्हताच. धारेवरही नव्हता.

याच दिवसांत ते तळ तुडवायचे.
पाऊस सरला की कोंडीतला गाळ पायांनी चोपायचा,
या बांधापासून त्या बांधापर्यंत
टाचेला टाच लावून,
मग वळून परत.
मी डबा घेऊन जायचे, बांधावर बसून पावलं मोजायचे,
सातशेच्या पुढे चुकायचे.
कुठे चाललात, असं तेव्हा मी विचारलं नाही.
ते मात्र मला दर रविवारी विचारतात.
परत इथंच, मी सांगते.
मग ठीक, म्हणतात.

सत्तावीसला मी थांबले.
कानात झांजा, अंगावर ऑक्टोबरात काटा.
काटा आला की थांबायचं, हे कागदावर लाल अक्षरात आहे,
तरी वाईट वाटलं.
कॅसिल्डा पुढे गेली, वळणावरून परत आली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
माझ्याही अंगठ्याला फोड आलाय.
तिला फोड आलेला नव्हता.
आम्ही चालत उतरलो, उरलेली जाळी
वाकून, खालून.

घरी बनियन पंख्याखाली टाकलं.
दुपारी वाळलं तेव्हा काळ्या पाठीवर
पांढरे बांध, पांढऱ्या कोंड्या,
एक वाकडी खाडीसुद्धा.
बाबा उठून आले. चष्मा नव्हता.
नखानं थोडं खरवडलं,
व्यापाऱ्यासमोर राशीवर करायचे तसं,
जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

कच्चा हाय गो, म्हणाले.
आजून ऊन पायजे.